तुलनेचं पाणी

तिने खोलीतला दिवा घालवला, पडदा ओढला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आकडे मोजणारं यंत्र सकाळपासून रुसून बसलं होतं. दुरुस्तीवाला "निघालोच" म्हणाला होता, म्हणजे आज तरी तो येत नव्हता. तेव्हा एकेक पिल्लू जुन्या पद्धतीने स्वतःच्या डोळ्यांनी बघणं आलं.

पिल्लं पाच दिवसांची, पापणीच्या केसाएवढी. दिसायला साधे मासे, पण त्यांच्या जनुकांत एक तुकडा बाहेरून आणून बसवलेला होता. माणसाच्या संप्रेरकांशी खेळ करणारी रसायनं पाण्यात असली, की एका दिवसातच निळ्या उजेडात या पिल्लांच्या पोटाशी हिरवा ठिपका उजळायचा. जिभेला आणि नाकाला जे कळत नाही त्याची चहाडी हे मासे करायचे. बारा वर्षं ती त्यांचं दुखलंखुपलं बघत होती. माझ्या तापाला तू कधी एवढी धावली नाहीस, असं नवरा म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

पहिल्या ताटलीत रंगाच्या कारखान्याखालच्या वस्तीचं पाणी होतं. चोवीस पिल्लांपैकी एकोणीस हिरवी निघाली. तिने मान वर केली. याच वस्तीच्या पाण्याचा तीन आठवड्यांपूर्वीचा अहवाल तिच्याच सहीने गेला होता: फरक आढळला नाही. त्या एका ओळीवर वस्तीने बंद ठेवलेला पंप पुन्हा सुरू केला होता.

दुसऱ्या ताटलीत तुलनेचं पाणी होतं. हे चांगलं म्हणून ठरलेलं पाणी. यंत्र त्याचा आकडा बाकीच्या आकड्यांतून वजा करायचं आणि उरेल तो फरक कागदावर छापायचं. त्यामुळे त्या ताटलीकडे कोणी बघतच नसे, घरातल्या शहाण्या मुलाकडे बघत नाहीत तसं. ते पाणी तिच्या घरच्या विहिरीचं होतं. दर रविवारी तिचे वडील स्वतः शेंदून ठेवत आणि सोमवारी ती कामावर घेऊन येई. प्रयोगशाळेत त्यांना सगळे पाणीवाले आजोबा म्हणत.

तिने मोजलं. पुन्हा मोजलं. अठरा हिरवी होती.

एकोणिसांतून अठरा वजा केले की यंत्राला फरक दिसणारच नव्हता. घरात सगळे तेच पाणी पीत होते. तिने डब्याच्या पिशवीतली स्टीलची बाटली काढली, त्याच विहिरीचं पाणी वेगळ्या ताटलीत ओतलं, त्यात नवी पिल्लं सोडली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळे नमुने नव्याने आणून पुन्हा चाचणी लाव. पाच दिवसांत कळेल. तोवर बोभाटा नको."

"लोक पीत आहेत, साहेब."

"आणि कारण काय सांगणार? आमचं चांगलं पाणीच वाईट निघालं? हसतील लोक."

तिने व्हरांड्यात जाऊन वस्तीतल्या पंपवालीला फोन लावला. पंपाची किल्ली या बाईकडे असायची. पलीकडे बादल्यांचा आवाज येत होता.

"बाई, तुम्हीच लिहिलं होतं ना चांगलं आहे म्हणून?"

"हो. चुकलं माझं."

"मग आज चुकत नाही कशावरून? पंप बंद केला की चढावर जाऊन पाणी आणावं लागतं. म्हाताऱ्या बायका मला फाडून खातील. लेखी द्या. आणि का चुकलं तेही लिहा, नाहीतर मी काय सांगू त्यांना?"

दुसऱ्या दिवशी तिने बाटलीतल्या पाण्याची ताटली बघितली. एकही पिल्लू हिरवं नव्हतं. विहीर स्वच्छ होती. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण मग उरला तो पाणी आणायचा कॅन. महिन्याभरापूर्वी तिची पाठ धरली होती, तेव्हा वडिलांनी काचेचा जड बुधला माळ्यावर टाकून प्लास्टिकचा हलका कॅन आणला होता. रविवारी सकाळी भरून ते तो गच्चीवर ठेवायचे, दिवसभर कडक उन्हात. ऊन लागलं की पाणी शुद्ध होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं; तापलेल्या प्लास्टिकमधून तसलीच रसायनं पाण्यात झिरपतात, हे वाचलं नव्हतं. तिनेही पाठीला बरं म्हणून तो कॅन बिनदिक्कत वापरला. त्या महिन्यात पिण्याच्या पाण्याचा एकच अहवाल गेला होता.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दुरुस्तीचा कागद लिहायला बसली. 'तुलनेच्या पाण्यात दोष आढळला,' असं लिहून थांबली. खोटं नव्हतं, आणि यात कोणाचं नावही येत नव्हतं. वडील मागे येऊन उभे राहिले.

"कोणत्या पाण्यात दोष?"

तिने सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं. ते समोरच्या खुर्चीत बसले.

"म्हणजे मी."

"तुम्हाला काय माहीत, बाबा. मी बघायला हवं होतं."

"किती दिवस प्यायले वस्तीतले लोक?"

"एकवीस."

"लहान मुलं?"

"आहेत."

तिला त्यांचा हात धरावासा वाटला, पण त्यांनी तो हळूच टेबलाखाली घेतला.

"हे खोड," ते म्हणाले. "पाण्यात दोष नाही. माणसाने केलंय ते माणसाच्या नावाने लिही. तू एकदा चांगलं म्हणालीस, आता वाईट म्हणतेस. कारण खरं वाटलं नाही तर का ऐकतील ते?"

तिने ओळ खोडली. 'पाणी काचेऐवजी प्लास्टिकच्या कॅनमध्ये, उन्हात ठेवून आणले गेले. भरणारे: माझे वडील. न तपासता वापरणारी: मी.' सकाळी साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

वडील बाहेर फाटकाशी थांबले होते. नको म्हटलं तरी तिच्याबरोबर आले. पंपापाशी बायकांची रांग होती. पंपवालीने कागद मोठ्याने वाचला आणि 'माझे वडील'पाशी अडखळून तिने मान वर केली.

"मीच," वडील म्हणाले.

पंपवालीने किल्ली फिरवली. धार बारीक झाली, मग थांबली. रांगेतून कोणी ओरडलं नाही. ओरडतील म्हणून कागद लिहिणारीने रात्रभर मनाची तयारी केली होती, ती सगळी वाया गेली. नुकतीच बादली भरलेल्या बाईने ती जमिनीवर रिकामी केली आणि कागदाकडे बोट केलं.

"आणि पोटात गेलंय त्याचं काय?"

"ते मासे नाही सांगू शकत," ती म्हणाली.

"मग तुम्ही सांगा."

ती बाई रिकामी बादली घेऊन तिथेच उभी राहिली.