उसवलेले दोन आकडे

मी एक जुना भरतकामाचा तुकडा आहे. माझं वय मात्र विचारू नका. त्या एका प्रश्नावरूनच तर सगळं रामायण घडलं.

मित्रांनो, ओहायोतल्या एका खेड्यात, ऑरिन थ्रॉल नावाच्या शेतकऱ्याच्या घरी मी तयार झालो. कापड घरच्याच जवसाच्या धाग्याचं. ऑरिनची नऊ वर्षांची मुलगी केझाया हिने माझ्यावर फुलीच्या टाक्यांनी मुळाक्षरं भरली, एक लाल घर भरलं, घराहून मोठी कोंबडी भरली आणि खाली लिहिलं, ‘केझाया थ्रॉल, जन्म १८२२’. टाका वाकडा पडला की तिची आई मर्सी तो उसवायला लावी. त्यामुळे पोरीचा हात भरण्यात जितका तयार झाला, तितकाच उसवण्यातही.

मला चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलं. आलागेला कौतुक करी. कोंबडीला मात्र सगळे बदकच म्हणत.

केझायाचं लग्न लांबलं. एकोणतिसाव्या वर्षी असाहेल प्रुइट नावाचा खोगीर करणारा तरुण दर रविवारी माझ्यासमोर येऊन बसू लागला. तो होता पंचवीस वर्षांचा! एका दुपारी केझायाने मला खाली उतरवलं आणि सुईच्या टोकाने शेवटचे दोन आकडे अलगद उसवून टाकले. आमच्याकडे पुष्कळ बायका असं करत.

“बोलू नकोस हं कुणाला,” ती मला म्हणाली. मी कसला बोलणार!

लग्नाच्या नोंदीत तिचं वय पंचवीस लागलं. पुढे शिरगणतीचा माणूस दारात आला, की तिथेही बाई चार वर्षांनी लहानच असत. असाहेल माझ्या रिकाम्या जागेकडे बघून गालात हसे. त्याला सगळं माहीत असावं, असं मला वाटतं. संसार त्यांचा सुखाचा झाला.

ती दोघं गेली आणि मी माळ्यावरच्या पेटीत पडलो. कुणी फिरकेना. फार एकटं वाटे.

मग केझायाची खापरपणती व्हर्ना हिने मला घरी आणलं. मेपलचं झाड पडून केझायाच्या थडग्याचा दगड फुटला होता. व्हर्नाला नवा बसवायचा होता, आईबापांच्या नावांसकट. पण आईबाप कोण? नोंदीतल्या वयाने जन्मसाल येई १८२६. त्याच साली ऑरिनच्या भावाला, एबेनीझरला, मुलगी झाली होती आणि तिचंही नाव केझाया! दोघींना आजीचंच नाव ठेवलेलं. अकरा वर्षं नोंदवह्या चाळून व्हर्नाने आणि तिचा भाऊ ऑर्विल याने कागदावर एबेनीझरचं नाव लिहिलं. गुरुवारी ते दगडावर कोरलं जाणार होतं.

“पण मग तिला ऑरिन आणि मर्सीच्या शेजारी का पुरलंय?” व्हर्ना पुन्हा पुन्हा म्हणे.

“तिथे जागा रिकामी असेल,” ऑर्विल म्हणे.

मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. जीव नुसता तुटत होता.

मंगळवारी ऑर्विलने मला चौकटीतून काढलं आणि घमेल्यात साबणाचं पाणी केलं. “दे इकडे. काय मळलंय! तारखेला तर कसरच लागलीय.”

मी गारठलो. पाणी लागलं की सुईची भोकं मिटणार होती.

“थांब रे!” व्हर्ना म्हणाली. ती स्वतः भरतकाम करणारी. “कसर लागली तर कापड खाते. इथे कापड धड आहे, टाकेच गायब आहेत.”

तिने मला खिडकीशी धरलं. बारीक भोकांतून उजेड आला.

“ऑर्विल, हे दोन. आणि हेही दोन.”

“बावीस?”

“बाईनं चार वर्षं ढापली होती की रे!”

“आणि तू तीन वर्षं एकोणसत्तरचीच आहेस. रक्त बोलतं ते असं!”

व्हर्ना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हळूच म्हणाली, “आपल्या आईबापापाशीच होती की ती.”

नव्या दगडावर ऑरिन आणि मर्सीचं नाव लागलं. जन्मसाल लागलं नाही.

“तिनं स्वतःच्या हातानं उसवलंय,” व्हर्ना म्हणाली, “मी नाही कोरायची.”

“मग पुढचा शोधणारा पुन्हा एबेनीझरच्याच दारात जाईल.”

तेव्हा व्हर्नाने सगळं एका कागदावर लिहून तो माझ्या चौकटीच्या मागे लावला. आता मी तिच्या जिन्याशी उन्हाआड टांगलेला आहे आणि अगदी मजेत आहे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू धुवायला घेण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. आणि कधी माझ्याकडे आलात, तर मागचा कागद खुशाल वाचा. फक्त मोठ्याने वाचू नका. केझायाने मला बोलू नकोस म्हणून सांगितलं आहे.