दारावरचा चारशेचा सूर

"वाजली का?" दाराबाहेर बटणावर बोट ठेवून आप्पा ओरडले.

"नाही, बाबा!" आतून लेक ओरडली.

कानाने अधू झालेली माई खुर्चीत बसून आळीपाळीने दाराकडे आणि लेकीच्या तोंडाकडे पाहत होती. चाळीस वर्षे लोकांचे रेडिओ बोलते करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरची बेल वाजवता येऊ नये, हे आप्पांच्या फारच जिव्हारी लागले. त्यांनी बोट काढले नाही.

"आत्ता वाजली!" लेक म्हणाली. "पण केव्हाचे दाबताय तुम्ही?"

दोन महिन्यांपूर्वी आप्पा किल्ली विसरून बाहेर पडले आणि तासभर स्वतःचेच दार बडवत उभे राहिले. माई आत पाठमोरी भाजी निवडत होती. शेजाऱ्याने मागच्या खिडकीतून हातवारे केले, तेव्हा कुठे दार उघडले. ही बातमी लेकीला कळली आणि ती तडक येऊन म्हणाली, "आईला मी घेऊन जाते. तुम्हीही चला." माईला आपले घर सोडायचे नव्हते. आप्पांना तर माईशिवायचे घर ही कल्पनाच सहन होईना. त्यांनी मुदत मागून घेतली. ती आज संपत होती आणि लेक आईच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊनच आली होती.

कान तपासणाऱ्या बाईंनी एक आलेख दिला होता. लेकीला त्यात नुसती उतरण दिसली. आप्पांनी तो चष्मा पुसून वाचला. उंच, बारीक आवाज गेले होते. चारशे हर्ट्झच्या आसपासचे खालचे सूर मात्र शाबूत होते. आणि बाजारातली बेल तर तीन हजारांवर किंचाळते!

"तुझे कान ठीक आहेत," त्यांनी माईला मोठ्याने सांगितले. "बेलच चुकीची आहे."

माईने विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता.

मग पाठकोऱ्या कागदावर नव्या बेलचा हिशेब सुरू झाला. कपॅसिटर डब्यात होते तेच घ्यायचे ठरले. त्यांच्या जोडीला चारशेच्या सुरासाठी विजेला अडवणारा रेझिस्टर आला तीन हजार नऊशे एकोणऐंशी ओहमचा. असला रेझिस्टर कुणी बनवत नाही. तीन हजार नऊशेचा मिळतो. म्हणजे सूर चारशे आठ. "आठाने काय बिघडतंय," आप्पा म्हणाले. पण ही उदारता तिथेच संपली. आवाज किती पट वाढवायचा हे ठरवणारी रेझिस्टरची दुसरी एक जोडी असते, दहा हजाराला वीस हजार, बरोबर दुप्पट. कमी पडले तर सूर विझतो, जास्त झाले तर लाटेचे डोके चपटे होऊन आवाज फाटतो. फाटक्या आवाजाशी आप्पांचे जन्माचे वैर. मीटर लावून, डबे उपसून त्यांनी अगदी काटेकोर दुप्पट जमवले. टेबलावर सूर निघाला तो असा स्वच्छ, की आप्पा स्वतःवरच खूश झाले.

चूक आत्ता, दारात उभे असताना कळली. टेबलावर सर्किट सतत चालू असायचे. दारावर त्याला बटण दाबल्यावर झोपेतून उठायचे होते, आणि इतक्या काटेकोर मापात उठायला त्याला पाच-सहा सेकंद लागत होते. तेवढा वेळ कोण बटण धरून ठेवणार?

"वीसच्या जागी बावीसचा लावला तर लगेच उठेल," आप्पा आत येऊन पुटपुटले. "पण आवाज फाटेल."

"काय म्हणतायत?" माईने विचारले.

"आवाज फाटेल म्हणतायत," लेक तिच्या कानाशी म्हणाली.

"मग फाटू दे की! अहो, जन्मभर तुमच्या दुकानातले फाटके रेडिओच ऐकलेत मी."

आप्पांनी निमूटपणे सोल्डरिंग आयर्न तापवले.

या वेळी माईला खिडकीकडे तोंड करून बसवले. आप्पा बाहेर गेले. बेल वाजली, जाडीभरडी, थोडी घोगरी. माईने मान वळवली. "आले, आले!" म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने दार उघडले.

"कोण पाहिजे?" तिने मिश्कीलपणे विचारले.

आप्पांनी तिथेच उभ्याने चष्मा पुसायला घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

बेलचे झाकण लावायला लेक पुढे झाली. आत एक कागदाची पुडी चिकटवलेली होती. पुडीत रेझिस्टरच्या तीन जोड्या, वर आप्पांच्या बारीक अक्षरात हजार ओहमचे आकडे: ५.६, ८.२, १२.

"हे काय, उरलेले?"

"आकडा वाढला की सूर खाली येतो," माईला ऐकू जाऊ नये म्हणून आप्पा आवाज खाली आणत म्हणाले. खरे तर तशी गरज नव्हती. "त्या आलेखातली रेघ सरकत जाणार, हळूहळू हे सूरही जाणार. तसतसे हे लावायचे. मी नसलो तर तू लाव. तुला येतं."

"आणि बारानंतर?"

आप्पा स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

लेकीने तो घेतला, चारही स्क्रू घट्ट पिळले, रिकामी बॅग उचलली आणि निघाली. दार बंद झाले. दोन पायऱ्या उतरून ती परत वर आली आणि तिने बटण दाबले.

"आले, आले!"

माईने दार उघडले. "काय गं, काय विसरलीस?"

"काही नाही," लेक मोठ्याने म्हणाली. "नुसतीच वाजवली."