दोन मडक्यांची पोपटी

यंदाच्या पोपटीचं मडकं मीच लावणार, हे मी दिवाळीपासून सगळ्यांना सांगत सुटले होते. आमच्या शाळेत दर जानेवारीत नववीची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा-अंड्यांची मेजवानी, होते आणि मडकं लावतात मुलगेच. का, तर आजवर तेच लावत आले म्हणून! मी मात्र दोन हिवाळे शेजारच्या महिपतकाकांच्या शेतावर बसून शिकले होते. भांबुर्ड्याचा पाला किती दाबायचा, वालाच्या शेंगांना मीठ-ओवा किती चोळायचा, भरलेलं मडकं जमिनीवर उपडं करताना हात कुठे धरायचा, सगळं. वर्गात उभी राहून घडाघडा सांगितलं, तेव्हा दत्तात्रेय सर हसले. "बरं प्रणाली, तूच लाव."

मग डिसेंबरात गावच्या कमानीवरून भांडण पेटलं. कमानीला नाव कुणाचं द्यायचं यावरून गाव एकीकडे, बौद्धवाडी एकीकडे. एका संध्याकाळी दगड पडले. पोलिसांची गाडी आठवडाभर नाक्यावर उभी होती. वर्गात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, फक्त बाक बदलले. मी आणि वाडीतली दीक्षा तेवढ्या पाचवीपासून बसतो तशाच एका बाकावर राहिलो.

पोपटीच्या आदल्या दिवशी सरांनी दोन याद्या वाचल्या. "यंदा दोन मडकी. शाळा समितीचं म्हणणं, उगाच वाद नको." पहिल्या यादीत मी, सिद्धेश, ओंकार आणि गावातले बाकीचे. दुसरीत दीक्षा, सम्यक आणि वाडीतली सगळी. "दोन्ही मडकी प्रणालीच लावेल," सर म्हणाले. आणि खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. एकाऐवजी दोन! मी लगेच मान डोलावली.

शाळा सुटल्यावर दीक्षा सायकल धरून उभी होती.

"बाबांनी अलिबागच्या शाळेत विचारून ठेवलंय. उद्या खरंच दोन लागली, तर सोमवारपासून मी तिकडे."

"अगं, पुढच्या वर्षी दहावी!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि निघून गेली.

शनिवारी दुपारी शाळेमागच्या शेतात मी दोन्ही मडकी लावली. हो, लावली. सगळे बघत होते, कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि माझे हात चालत राहिले. पाला, शेंगा, अंडी, बटाटे, पुन्हा पाला. दोन्ही उपडी केली, भोवती गोवऱ्या आणि पेंढा रचला, पेटवलं. गावातली मंडळी जाळाच्या अलीकडे, वाडीतली पलीकडे. दीक्षा माझ्याकडे बघतच नव्हती.

"काय गं, दोन्हीकडची आचारीण!" सिद्धेश ओरडला. गावातली मुलं हसली. वाडीतलं कुणी हसलं नाही.

अर्ध्या तासाने मी मडक्यांवर पाणी शिंपडलं. चुर्र होऊन थेंब जागीच सुकले. "झालं! काढा!" सिद्धेश आणि सम्यक काठ्या घेऊन पुढे आले आणि घाईत दोघांनी एकदमच ढकललं. मडकी राखेत गडगडली, एकमेकांवर आपटली आणि थांबली. दोन्ही काळीठिक्कर.

"आमचं कुठलं?" ओंकारने विचारलं.

कुणालाच सांगता येईना. खूण करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मला माहीत होतं. एका मडक्याच्या काठाचा नखाएवढा टवका उडालेला होता, तो राखेतूनही मला दिसत होता.

"सांग ना," सिद्धेश म्हणाला. "तूच लावलीस ना?"

"मला माहितीय. पण मी सांगणार नाही."

"प्रणाली," सरांनी शाळेच्या फाटकाकडे एकदा पाहिलं. "सांग बाळा. विषय वाढवू नकोस."

"सर, विषय महिनाभर वाढतोच आहे. फक्त आपण वर्गात बोलत नाही. आधी सिद्धेशने सांगावं, वाडीच्या मडक्यातल्या शेंगा त्याला का नकोत. मग सांगते."

"मला काय विचारतेस?" सिद्धेशचा आवाज चढला. "माझ्या दादाच्या डोक्याला चार टाके हायत! तो दगड कुणी मारला?"

"आणि माझ्या काकाच्या रिक्षाची काच?" दीक्षा पहिल्यांदाच बोलली. "त्यात माझी आजी बसली व्हती. ते कुणी?"

"मी न्हाय फोडली!"

"मी म्हटलं का तू फोडलीस? पण दुसऱ्या दिवसापासून तू सम्यकला चेंडूसुद्धा देत न्हाईस."

"घरी सांगितलंय, त्यांच्यात जायचं न्हाय म्हणून." सिद्धेश काठीने राख उकरत राहिला. "आजी... लागलं का तिला?"

"हाताला. अजून रिक्षात बसत न्हाई ती."

सम्यक हळूच म्हणाला, "तुझा दादा आमच्याच अंगावर धावून आलेला, सिद्धेश."

"मला ठाऊक हाय." सिद्धेश एवढंच म्हणाला.

ओंकार दप्तर उचलून घरी गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. मला वाटलं, सर आता सगळं बंद करतील. पण ते खाली बांधावर बसले. "याद्या मी वाचल्या," ते म्हणाले. "समितीला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. भीती वाटली." मग त्यांनी फडकी गुंडाळून एकेक मडकं धरलं आणि दोन्ही एकाच ताडपत्रीवर रिकामी केली. वाफ निघाली. ज्यांना खायचं होतं ते खाली बसले. सिद्धेश बसला, पण बराच वेळ नुसता शेंग हातात धरून.

दीक्षा माझ्या शेजारी आली. अंडं सोलत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खरंच ओळखता येत होतं तुला?"

"हो. टवका उडालेलं तुमचं होतं."

बोलले आणि जीभ चावली. तिचा हात थांबला.

"दोन मडकी होती. त्यातलं फुटकं आम्हाला दिलंस?"

मी आठवून बघितलं. मडकी भरायला घेताना टवका बघितला होता, आणि अजिबात विचार न करता ते पलीकडे सरकवलं होतं. म्हटलं, "हो. दिलं."

तिने अर्धं अंडं माझ्या हातावर ठेवलं नाही, जसं ती एरवी ठेवते. सगळं स्वतः खाल्लं, हात झटकले आणि उठली.

"का दिलंस ते सोमवारी सांग," ती म्हणाली. "बाकावर. आणि पूर्ण विचार करून ये."