बिनगर्दीचा समुद्र

दुबई एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये आमच्या ह्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि मी ट्रॉली ढकलता ढकलता थांबले. इटलीची ट्रिप संपवून आम्ही नुकते उतरलो होतो. पुढे अल ऐनपर्यंतचा लांब रस्ता, बाहेर जानेवारीतलं सकाळचं धुकं, आणि ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यूनुसना, नीट दिसत नाही हे मला तिकडेच कळून चुकलेलं. मला कळलंय हे त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या विमानप्रवासात मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. मला ते किती जड जातं, ते मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा.

रस्त्याची भीती होतीच, पण खरी भीती दुसऱ्या दिवसाची होती. सोमवारी शाळा उघडणार. आमची मुलगी नबिला अल ऐनला हॉस्पिटलात नर्स आहे, ती सकाळी लवकर ड्युटीवर जाते. जावई नोमान दुबई सिलिकॉन ओएसिसला कामाला, तो तिच्याही आधी निघतो. मग सहा वर्षांच्या झाराला शाळेत कोण सोडणार? तिचे नाना. मागच्या सीटवर बसून ती इंग्रजीत बडबडते, हे पुढून मराठीत हो हो करतात, आणि पोरगी सुखरूप शाळेत पोचते. आजवर पोचली. विमानात माझं मन फिरून फिरून तिथेच येत होतं.

मुळात ही इटली आमच्या गळ्यात पडली कशी ते सांगते. नोव्हेंबरात एक दिवस हे दुकानातून आले (सनय्यात, म्हणजे सगळी गॅरेजं असतात त्या भागात, आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे) आणि चहा पिता पिता म्हणाले, "हाफिजा, झाराच्या विंटर ब्रेकमध्ये आपण इटलीला जाऊ. समुद्रकिनाऱ्याने फिरू."

मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? ऐन थंडीत तिकडच्या समुद्रावर काय ठेवलंय? वारा आणि बंद दुकानं. समुद्रच बघायचा तर दाभोळला चला. तुमचा भाऊ आहे, माझी बहीण आहे, ताजी मासळी आहे.

"दाभोळ कुठे पळून जातंय? इटलीला आता ऑफ सीझन आहे. गर्दी नाही, स्वस्त पडतं." स्वस्त म्हणजे किती ते त्यांनी आधी दिरहममध्ये सांगितलं, मग रुपयांत. रुपयांतलं ऐकून मी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. पण माणूस ऐकेना. गर्दी नको, गर्दी नको, एवढंच धरून बसले.

आता ह्यांचा आणि समुद्राचा संबंध सांगायला हवा. ह्यांच्या घरच्या लाँची होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा मला किनाऱ्यावर घेऊन बसले तेव्हा लांब एक ठिपका दिसत होता, तिळाएवढा. हे म्हणाले, ही हर्णैची, भरून आलीय, आणि नाखवा नवीन दिसतोय, वळवताना घाबरतो. बोट किनाऱ्याला लागली तर सगळं खरं. मी नवी नवरी, मला केवढं कौतुक. पुढे दर सुट्टीत तेच ऐकून कान किटले, ती गोष्ट वेगळी. पण गावात अजून कोणाची पैज लागली की यूनुसभाईंना हाक मारतात. कोणाची लाँच आहे सांगा, भाई. आणि भाई सांगतात.

असा माणूस. आणि इटलीला निघालो तेव्हा दुबईपर्यंत गाडी ह्यांनीच चालवली, तीही एका लॉरीच्या मागून. पुढे रस्ता मोकळा, बाजूने सगळे सुसाट चाललेले, आणि आम्ही त्या लॉरीच्या लाल दिव्यांमागे रांगतोय. मी म्हटलं, तिच्यावर जीव जडलाय का तुमचा? हे हसले. मीही हसले.

इटलीत जेनोवापासून किनाऱ्याने आगगाडी जाते. बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र. छोटी गावं, डोंगर थेट पाण्यात उतरलेला, आपल्या कोकणासारखाच, फक्त नारळाऐवजी रस्त्याकडेला संत्र्याची झाडं. सगळ्या खिडक्यांना लाकडी झडपा लावलेल्या. एका गावात अख्ख्या हॉटेलात आम्ही दोघंच होतो. मालकाने आमच्यासाठी हीटर लावला, आणि मी नेलेली सुक्या बोंबलाची चटणी उघडल्यावर लगेच खिडकीही उघडली.

त्याच हॉटेलात हे सकाळी जिन्यावरून उतरले आणि स्टँडवर लटकवलेल्या ओव्हरकोटाला मान झुकवून "बोनजोर्नो" म्हणाले, म्हणजे तिकडचं गुड मॉर्निंग. मी पोट धरून हसले. मला वाटलं, मस्करी करतायत. मग स्टेशनवरच्या पाट्या मला वाचायला लावायला लागले. "वाच, तुझं इंग्लिश सुधारेल." म्हटलं, अहो, हे इटालियन आहे. एकदा ह्यांनी चहा कपाच्या बाजूला ओतला. मी फोनवर झाराचा फोटो दाखवला, तर हे म्हणाले, छान आलाय समुद्र. तेव्हा मी हसले नाही.

लेवांतो नावाच्या गावात दुपारी आम्ही किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो होतो. वाळूवर कुत्रंसुद्धा नव्हतं. समोरून एक शिडाची बोट गेली, पांढरीशुभ्र, सावकाश. मी वाट बघितली. हे काही बोलले नाहीत. बोट गेली, ह्यांची मान हललीसुद्धा नाही. मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे, समोर पाणी पार रिकामं असताना मी हात दाखवून म्हटलं, "अहो, ती लाल बोट बघितलीत का? बंदराकडे वळतेय."

ह्यांनी डोळ्यांवर हात धरला, अगदी दाभोळला धरायचे तसा. "हो तर," म्हणाले. "भरलेली आहे. बघ ना, केवढी बसलीय पाण्यात."

मला तिथेच रडू फुटलं असतं. वारा बोचतोय असं सांगून मी तोंडावर ओढणी घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी किरकोळ खोटं बोलला असेल, करक, म्हणजे इकडच्या कडक दुधाच्या चहात साखर घातली की नाही, असलं. शुगरवाल्या माणसाचं खोटं. हे तसं नव्हतं.

तेव्हाच का नाही बोललात, असं नबिलाने नंतर विचारलं. कशी बोलणार? तोंडातून एकदा निघालं की खलास. डोळे गेले म्हणजे लायसन्स गेलं. अल ऐनमध्ये गाडी नसलेला माणूस घरात कोंडल्यासारखाच. मग दुकान कोण बघणार, दुकान नसेल तर इथे राहायचं कशाच्या जोरावर, आणि झाराला सोडून कायमचं गावी जायचं तर माझा पाय निघेल का? हे सगळं मला त्या बाकावरच दिसलं. मी भित्री नाही, पण त्या दिवशी भ्यायले.

पण पार्किंगमध्ये ती किल्ली बघितली आणि सगळं बाजूला राहिलं.

"किल्ली द्या इकडे," मी म्हटलं. "मी चालवते."

हे हसले. "तू? हायवेवर? ह्या धुक्यात?"

माझ्याकडे लायसन्स आहे. किती वेळा नापास होऊन मिळवलंय ते माझं मला माहीत. सुपरमार्केट आणि दवाखाना, एवढंच मी चालवते, आणि हे शेजारी असले की पायाने नसलेला ब्रेक दाबत बसतात. हायवेवर मी कधी गेले नव्हते.

"राऊंडअबाऊट आला की तू बिस्मिल्ला म्हणून डोळे मिटतेस," हे म्हणाले. "म्हणे मी चालवते."

"माझे मिटलेले उघडतात तरी."

बोलून गेले. जीभ चावली, पण शब्द काय परत येतात? हे तिथेच उभे राहिले. मग त्यांनी किल्ली पुढे केली. माझा हात होता त्याच्या जरा बाजूला. मी हात सरकवून घेतली.

हायवेवर धुकं असं होतं की पुढचं काही दिसेना. वरच्या बोर्डवर वेग कमी करा म्हणून आकडे लागलेले. माझे तळहात भिजले होते, स्टेअरिंग निसटत होतं. डाव्या बाजूने एक मोठी गाडी दिवे फेकत गेली आणि मी मोठ्याने कलमा म्हटला.

"उजवी, हळू गाड्यांची लेन सोडू नकोस," हे म्हणाले. "एखादी लॉरी दिसते का बघ. दिसली की तिचे लाल दिवे धर. अंतर ठेव."

दिसली. मी दिवे धरले. थोड्या वेळाने माझा श्वास जागेवर आला आणि मग डोक्यात उजेड पडला.

"जाताना तुम्ही असेच आलात ना?"

"हो."

"आणि झाराला नेताना? शाळेच्या रस्त्याला कुठे असते लॉरी?"

"तो रस्ता मला पाठ आहे," हे म्हणाले. मग हळू आवाजात, "होता."

मला भयंकर राग आला. वाटलं गाडी बाजूला लावावी आणि ह्यांना गदागदा हलवावं. पोर मागे बसलेली असताना. माझी पोर. मी म्हटलं, तुम्हाला अल्लाची भीती नाही वाटली? हे म्हणाले, रोज वाटली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लायसन्स रिन्यू करायला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेले होते. तिथल्या मुलीने सांगितलं, अंकल, हे चष्म्याने होणार नाही, हॉस्पिटलला जा. हे गेले नाहीत. घरी येऊन चहा प्यायले आणि मला म्हणाले, इटलीला जाऊ.

"जिथे बघतो तिथेच मधोमध डाग येतो," हे म्हणाले. "आजूबाजूचं दिसतं. झाराच्या वेण्या दिसतात."

मी रस्त्याकडे बघत राहिले. "मग दाभोळला का नाही नेलंत मला? समुद्र शेवटचा बघायचा होता तर आपला बघायचा."

"दाभोळला किनाऱ्यावर पाय ठेवला की पहिलं पोर धावत येऊन विचारणार, यूनुसभाई, ती कोणाची लाँच? तेव्हा मी काय सांगणार होतो?" मग म्हणाले, "तिकडे कोणी ओळखणारं नाही. थंडीत तर माणूसच नाही. कोणाला धक्का लागायची भीती नाही. म्हटलं, आहे तेवढं तुझ्याबरोबर बघून घेऊ."

मला वाटलेलं, स्वस्त म्हणून नेलं. मी तिकडे प्रत्येक बंद दुकानापुढे उभी राहून ह्यांना टोमणे मारले होते.

"ती लाल बोट," हे म्हणाले, "नव्हतीच ना?"

"नव्हती."

"मला वाटलंच. इंजिनाचा आवाज नव्हता."

"मग हो का म्हणालात?"

"तू म्हणालीस आहे. म्हटलं, असेल. ह्यापुढे तू सांगशील तेच असणार ना."

 लॉरीचे दिवे धूसर झाले, ते धुक्याने की कशाने, मी पटकन डोळे पुसले. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. नबिला. मी बटण दाबलं.

"अब्बा, पोचलात? धुकं आहे, हळू चालवा हं. आणि ऐका, उद्यापासून माझी मॉर्निंग ड्युटी आहे. झाराला नेहमीसारखं घ्याल ना?"

"इन्शाल्ला," हे म्हणाले.

इथे इन्शाल्ला म्हटलं की माणूस सुटतो. हो पण झालं आणि नाही पण झालं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, एका दमात सांगून टाकलं असतं. पण सांगायचं त्यांनीच होतं. मी सांगितलं असतं तर त्यांचे डोळे काढून घेतल्यासारखं झालं असतं. मी नुसतं म्हटलं, "नीट सांगा तिला."

"काय नीट सांगा?" नबिलाने विचारलं. "अम्मी, काय झालं?"

 लॉरीने ब्रेक मारला, मीही मारला, हे गप्पच. पलीकडे खुडबुड झाली आणि झाराने फोन ओढून घेतला.

"नाना, टुमारो यू आर टेकिंग मी, राईट? आय गॉट न्यू शूज. यू हॅव टू सी."

ह्यांनी घसा खाकरला. एकदा, परत एकदा.

"उद्या नानी गाडी चालवेल, बेटा. नाना बाजूला बसेल."

"बट व्हाय?"

"नानाला दिसत नाही," हे म्हणाले. "तुझे शूज नाही दिसणार. तुझा चेहरापण नाही दिसत. खूप दिवस झाले."

 मग नबिलाचा आवाज आला, "अब्बा?" असा, लहानपणी अंधारात हाक मारायची तसा. हे उत्तर देत होते, रडत होते की काय करत होते, मला माहीत नाही. मला त्यांच्याकडे वळून बघता येत नव्हतं. मी गाडी चालवत होते.