वरच्या पोर्टमधला चमत्कार

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या सहा टेबलांच्या त्या ऑफिसात सोमवारी सकाळी पाच टेबलं ओस पडली होती आणि सगळी माणसं सहाव्या टेबलाभोवती कोंडाळं करून उभी होती. मागच्यांना दिसेना म्हणून नकाशे छापणारा चक्क खुर्चीवर चढला होता. खिडकीकडे तोंड असलेलं टेबल फिरवून भिंतीकडे केलेलं, कॉम्प्युटरच्या डब्यावर पितळेचा वीतभर पिरॅमिड आणि पडद्यावर एका चार मजली इमारतीचं चित्र.

"फिरवा," यंत्रांची 'स्पंदनं' जुळवायला मालकांनी बोलावलेले स्पंदनगुरू म्हणाले.

काकांनी, म्हणजे ऑफिसातल्या सर्वांत जुन्या ड्राफ्ट्समननी, माउस धरला. इमारत डावीकडे वळली. जरा अडखळत, पण वळली. सगळ्यांनी श्वास रोखून धरला, कारण गेले तीन महिने नेमक्या याच क्षणी पडदा पांढरा व्हायचा आणि प्रोग्राम कोसळायचा. आज इमारत पुरती गोल फिरून जागेवर आली. टाळ्या पडल्या. मालकांनी तर हातच जोडले.

"यंत्राला मन नसतं असं तुम्हाला शाळेत शिकवलं," गुरू म्हणाले. "पण तीन महिन्यांत एकाने तरी याला विचारलं का, बाबा रे, तुला काय खुपतंय? या यंत्राचं स्पंदन आहे तीनशे. याच्यापुढे जी व्यक्ती बसते तिचं आहे सातशे. मग ते बिचारं चक्कर येऊन पडेल नाही तर काय करेल?"

तीनशे काय आणि सातशे काय, हे कोणी विचारलं नाही. किलो, मीटर की आणखी काही? प्रश्न वायरताईंच्या ओठांवर आला होता, पण त्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेल्या होत्या आणि त्यांच्या दातांत टॉर्च होता.

वायरताई म्हणजे त्या इमारतीतल्या आठ-दहा ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई. वय त्रेपन्न, गुडघे त्याहून जुने. बावीस वर्षांत इतक्या टेबलांखाली शिरल्या होत्या की निम्मी माणसं त्यांना चेहऱ्यापेक्षा पाठीवरून ओळखायची. आज त्यांना बोलावलं होतं ते फक्त टेबल फिरवल्यावर वायरी परत लावायला. उरलेल्या वायरी लावून झाल्या तशा त्या कण्हत उठल्या.

सातशेवाली व्यक्ती दाराशी उभी होती. इमारतींची चारही बाजूंनी फिरवून बघता येतील अशी चित्रं करायला तिला तीन महिन्यांपूर्वी घेतलं होतं. ऑफिसात सगळे तिला 'नवी'च म्हणायचे.

"टेबल फिरलं, पिरॅमिड आला," गुरूंनी आवाज खाली आणला, "पण मूळ शिल्लक आहे. या बाई या यंत्रापासून दूर असलेल्या बऱ्या. खरं तर या जागेपासूनच. मी गुरुवारी येऊन शुद्धीकरण करतो."

"तशीही शुक्रवारी तिची तीन महिन्यांची मुदत संपतेय," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचं समाधान होतं.

मालक वाईट नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते सरळ होतं. नवी आली त्याच आठवड्यात प्रोग्राम कोसळायला लागला. बाकीच्या पाच कॉम्प्युटरांवर तोच प्रोग्राम ठणठणीत. नवीच्या जागी काकांना बसवलं, त्यांनी आपले साधे आडवे नकाशे काढले, अर्धा दिवस काही झालं नाही. नवी बसली की अर्ध्या तासात सगळं भुईसपाट. वायरताई तीनदा येऊन गेल्या. त्यांनी पंखा साफ केला, मेमरी बदलली, प्रोग्राम काढून पुन्हा घातला आणि तिन्ही वेळा "मशीन ठीक आहे" असं सांगून जिना उतरल्या. आता मशीन ठीक म्हटल्यावर उरतं कोण? त्या एका वाक्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

जिन्यात नवी त्यांच्या मागोमाग आली.

"ताई, खरं सांगा. माझ्या हातातच काही असेल का?"

"हातात? हाताला पाच बोटं असतात. आणखी काय असणार?"

"हसू नका ना. घरी मिक्सर जळला तो माझ्याच हातून. सासूबाईंचा मोबाइल बंद पडला तोही मीच धरला होता. इथलं कळल्यापासून त्या मला फ्रिजसुद्धा उघडू देत नाहीत. गार पाणी हवं असलं तरी मागून घ्यावं लागतं." नवीने हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. "आधी मलाही हसू यायचं. आता माउस धरायचीच भीती वाटते. ही नोकरी गेली तर दुसरी शोधीन हो. पण तिथेही असंच झालं तर?"

वायरताईंना राग आला. पण रागवायलाही अंगात जोर लागतो आणि तो त्यांनी केव्हाच संपवला होता. तळमजल्यावरच्या ऑफिसात प्रिंटर चालू करण्याआधी त्याला तीनदा थोपटतात. वरच्या मजल्यावरचा वकील इंटरनेट गेलं की उजवा बूट काढून ठेवतो. बावीस वर्षं त्या सांगत आल्या होत्या आणि बावीस वर्षं माणसं मान डोलावून पुन्हा थोपटत होती. "घरी जा, जेव, झोप," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते किती पोकळ आहे हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

बुधवारी दुपारी काका त्यांना जिन्यातच भेटले.

"ताई, मशीन पडत नाही हो आता. पण चालतं म्हणजे काय! इमारत फिरव म्हणावं आणि खाली चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे निम्मी फिरलेली असते. गुरू म्हणतात, शांत झालंय."

वायरताई एका पायरीवर थबकल्या. मशीन शांत होत नसतं. मशीन सावकाश चालतं, आणि त्याला कारण असतं. त्यांना सोमवार आठवला. टेबल फिरवल्यावर पडद्याची वायर चार बोटं कमी पडत होती. डब्याच्या मागे ती वायर खोचायचे दोन पोर्ट, एक खाली आणि एक वर. वायर नेहमी खालच्यात असायची. तिथे ती पोचेना. गुडघे बोंबलत होते, डोक्यावर टाळ्यांची तयारी चालली होती, म्हणून त्यांनी ती वरच्यात खोचली. चित्र आलं ना, मग झालं.

म्हणजे चमत्कार त्यांनीच केला होता. टॉर्च दातांत धरून.

त्या तशाच वर गेल्या. मालक बाहेर होते. ऑफिसातल्या सहा मशीनपैकी या एकाच मशीनमध्ये चित्र काढणारे भाग दोन होते. वरचा पोर्ट मशीनबरोबर आलेल्या साध्या भागाचा, खालचा मुद्दाम बसवलेल्या दणकट ग्राफिक्स कार्डाचा. कार्डाला जोडलं की प्रोग्राम कोसळतो, साध्या भागाला जोडलं की रडतखडत का होईना चालतो. मग दोष कुठे असणार? वायरताईंनी मशीनची स्वतःची नोंद उघडली. प्रत्येक वेळी प्रोग्राम का पडला, हे मशीन मुकाट्याने लिहून ठेवत असतं. तीन फेऱ्यांत त्यांनी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. एक्केचाळीस वेळा पडल्याच्या एक्केचाळीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत एकाच फाइलचं नाव होतं: कार्डाचा ड्रायव्हर. त्याची तारीख चार वर्षांपूर्वीची. आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली होती तीन महिन्यांपूर्वी, नवी आली त्याच आठवड्यात.

चार वर्षं याला कोणी हात कसा लावला नाही? वायरताईंनी पिरॅमिड उचलून बाजूला ठेवला. त्याच्याखाली, डब्यावर, पिवळी पडलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तशीच चिठ्ठी बाकीच्या पाच डब्यांवरही होती. 'चालतंय ना? मग हात लावू नका.'

अक्षर त्यांचंच होतं.

चार वर्षांपूर्वी एका महत्त्वाच्या कामाच्या दिवशी मशीनने आपणहून काही तरी अपडेट केलं आणि दिवसभर ते उठलंच नाही. मालक सगळ्यांदेखत त्यांना वाटेल ते बोलले. त्या संध्याकाळी त्यांनी सगळे अपडेट बंद करून टाकले, आणि या चिठ्ठ्या चिकटवल्या. नंतर त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलंच नाही. का बघायचं नाही, हे विसरल्या. बघायचं नाही, एवढंच लक्षात राहिलं. गुरूंनी पिरॅमिड ठेवला होता आणि त्यांनी चिठ्ठी. वायरताई नवीच्या खुर्चीत बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी गुरू आले. शुद्धीकरणासाठी तांब्याच्या चार कांड्या आणि एक शिष्य. पुन्हा कोंडाळं जमलं. नवीला दाराबाहेर उभं केलं होतं.

"कांड्या नंतर," वायरताई म्हणाल्या. "आधी गुरूंनी स्वतः बसावं. यांचं स्पंदन तर जुळतंय ना?"

"आमचं? आमचं कोणाशीही जुळतं," असं म्हणत गुरू बसले. वायरताई लांब वायर घेऊन आल्या होत्या. त्यांनी वरच्या पोर्टमधली वायर काढून ही लांब वायर खालच्या पोर्टमध्ये लावली. टेबल भिंतीकडेच, पिरॅमिड डब्यावरच.

"फिरवा."

गुरूंनी इमारत फिरवली. पडदा पांढरा झाला आणि प्रोग्राम कोसळला.

"बाहेर ती उभी आहे ना! तिची छाया पडते."

"नवी, खाली रस्त्यावर जाऊन उभी राहा गं," वायरताईंनी हाक मारली. नवी गेली. पुन्हा फिरवलं, पुन्हा कोसळलं. तिसऱ्यांदा गुरूंनी डोळे मिटून काही तरी पुटपुटून फिरवलं, तेव्हा तर इमारत दिसायच्या आधीच प्रोग्राम गेला. खुर्चीवर चढलेला छापणारा खुदकन हसला.

"आता तिला बोलवा." वायरताईंनी गुरूंना शेजारच्या खुर्चीत बसवलं, जुनी वायर वरच्या पोर्टमध्ये लावली आणि पिरॅमिड गुरूंच्या मांडीवर ठेवला. नवी वर आली. "बस. फिरव."

नवीने ओढणीतून हात काढला. इमारत सावकाश फिरली, पूर्ण फिरली. पडली नाही.

"हे बघा," वायरताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेलाच होता. "वायर खाली, की पडतं. वायर वर, की चालतं. माणूस कोणीही बसवा. सोमवारी टेबल फिरवल्यावर वायर पोचेना म्हणून मी ती वर लावली, एवढाच तो चमत्कार. कार्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. इथला दुभाष्या चार वर्षांपूर्वीचा. प्रोग्राम नवा आला, नवं बोलायला लागला. इमारत फिरवताना असं काही मागतो की याला ते कळतच नाही, आणि सगळं आडवं होतं. काकांच्या आडव्या नकाशांना याची गरजच पडत नाही, म्हणून काका बसले की चालायचं. हा जुना राहिला तो या चिठ्ठीमुळे. चिठ्ठी माझी. तीनदा आले आणि एकदाही नोंद बघितली नाही, तेही मीच. सातशे कोणाचं असेल तर माझं धरा."

गुरू उठले. "आम्ही सूक्ष्म पातळीवर बोलत होतो, या स्थूल पातळीवर." असं म्हणून त्यांनी कांड्या गोळा केल्या आणि काढता पाय घेतला.

नवा ड्रायव्हर घालायला वीस मिनिटं लागली. मशीन एकदा बंद होऊन चालू झालं. वायर खालच्या पोर्टमध्ये गेली. नवीने इमारत फिरवली, उलटी केली, आत शिरून जिना चढून गच्चीवर गेली. अर्धा तास झाला, तास झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; दुरुस्तीला टाळ्या मिळत नाहीत, हे वायरताईंना ठाऊक होतं. मालक घसा खाकरून म्हणाले, "मग शुक्रवारचं पत्र... ती कायम झाल्याचंच काढू." आणि मग हळूच, "पिरॅमिड राहू द्यायचा का? असला तर कुठे काय बिघडतंय?"

"तुमचं यंत्र नाही बिघडत," वायरताई म्हणाल्या. "या पोरीला तीन महिने स्वतःच्या हातांची भीती वाटत होती. बिघडतं ते हे. काही पडलं, मोडलं, तर आधी विचारा, काय बदललं होतं? केव्हापासून? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. कोण आलं होतं, हे सगळ्यात शेवटी विचारा. आणि मलासुद्धा विचारा. माझ्या चिठ्ठीला नमस्कार करू नका."

त्यांनी सहाही चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. त्यांच्या जागी नव्या लावल्या: 'शेवटचं बघितलं', आणि पुढे तारीख. मग त्या जिना उतरल्या, कारण तळमजल्यावरचा प्रिंटर थोपटूनही चालत नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्या वर चढताना नवी पायऱ्यांवर त्यांची वाट बघत होती.

"ताई, काल घरी गेले आणि चपला काढायच्या आधी फ्रिज उघडला. सासूबाई समोरच उभ्या होत्या."

"मग?"

"आतला दिवा लागला," नवी म्हणाली. "मी पाणी प्यायले, दार लावलं. मग त्यांनी येऊन स्वतः एकदा उघडून बघितलं. तेव्हाही लागला."