शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

विशेष शाळेतली मुलं त्यांना खुर्चीकाका म्हणायची, आणि मुलांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणू लागली. ज्या मुलांना स्वतःच्या बळावर ताठ बसता येत नाही, त्यांच्यासाठी काका लाकडी खुर्च्या बनवायचे. कुणाची मान डावीकडे कलायची, कुणाचे गुडघे एकमेकांवर चढायचे, कुणी पुढून आधार नसला की घडी घातल्यासारखं दुमडायचं. अठरा वर्षं मुख्याध्यापिकाबाई फोन करायच्या, काका जाऊन एकेका मुलाचं माप घेऊन यायचे, आणि महिन्याभरात खुर्ची शाळेत पोचायची. नव्या खुर्चीत बसलेलं मूल पहिल्यांदा समोर बघायचं तेव्हा काका उगाचच खिडकीची कडी तपासत उभे राहायचे.

मग वरून पत्र आलं. शाळा सरकारी, तेव्हा यापुढे सगळी खरेदी निविदा काढूनच.

"म्हणजे मी नको झालो?" काकांनी विचारलं.

"अहो, तुम्हीच हवे आहात," बाई म्हणाल्या. "पण तसं मला म्हणता येत नाही. मी तोंड उघडलं तर तुम्हीच बाद व्हाल."

कारखान्यात माणसं दोनच, बाप आणि लेक. लेकीचा हात रंध्यावर बापाइतकाच साफ चालायचा आणि कॉम्प्युटरवर त्याहून बरा. तिनेच शोधून काढलं की पुरवठादारांसाठी मार्गदर्शन शिबिर आहे, फुकट आहे, आणि सगळं समजावून सांगतात. "जाऊन तर बघू, बाबा."

सभागृहात साठेक माणसं होती. कागदवाले, पाइपवाले, साबणवाले. मार्गदर्शन करणारे साहेब मोठे सज्जन. घसा बसेस्तोवर सांगत होते. तांत्रिक लिफाफ्यात काय, दराच्या लिफाफ्यात काय, डिजिटल सही कशी, अनुभवाचा दाखला कसा. त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तिका सगळ्यांना वाटली होती. तिच्या चौदाव्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं : मागितलं तेवढंच द्या. जास्तीचं काहीही लिहू नका.

शेवटी काकांनी हात वर केला. "साहेब, खुर्च्यांच्या निविदेत लहान, मध्यम, मोठी असं लिहिलंय. मुलांची मापं कुठल्या लिफाफ्यात टाकायची?"

सभागृह खदखदून हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद चाळले. "मापं ठरलेली आहेत, काका. ती आता बदलत नाहीत."

"पण मुलं तीन मापांची नसतात हो."

"तुमचं बरोबर आहे. हे शंका विचारायच्या मुदतीत कळवायला हवं होतं. ती मुदत परवा संपली." साहेबांचा चेहरा उतरला. "दोन दिवस आधी आला असतात तर…" वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

अकरा दिवस लेक त्या अर्जाच्या मागे होती. दाखले जमवले, ते स्कॅन केले, फाइल मोठी झाली म्हणून पुन्हा केले. शेवटच्या दिवशी दुपारी एक प्रतिज्ञापत्र आणायला ती बाहेर गेली आणि काका पडद्यासमोर एकटेच बसले. वाचत वाचत ते खाली आले. अगदी तळाशी एक रिकामा रकाना होता. शेरा, असल्यास.

आपल्याला सांगायचं आहे, आणि त्यांनी जागाही ठेवली आहे, असं काकांना वाटलं. एका बोटाने अक्षर अक्षर शोधत त्यांनी लिहिलं : 'प्रत्येक मुलाचं माप घेऊन त्याप्रमाणे खुर्ची करून देऊ. त्याचे वेगळे काही घेणार नाही.' याला पाऊण तास लागला. लेक धापा टाकत आली तेव्हा पाचच्या मुदतीला सात मिनिटं उरली होती. तिने जोडलेले कागद तपासले, सही केली, अर्ज पाठवला. रकाना बघायचा राहून गेला.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. अपात्र. कारण : सशर्त निविदा (शेरा पाहा).

"शेऱ्यात काय लिहिलंत तुम्ही?"

काकांनी सांगितलं. लेकीने कॉम्प्युटर बंद केला. ती चिडली असती तर त्यांना सोसलं असतं.

दोघं मार्गदर्शन करणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी फाइल उघडली, ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि परत घातला.

"ठरलेल्या मापाबाहेर काही करू म्हटलं की ती अट धरतात. समितीला दुसरा मार्ग नव्हता."

"पण हा अन्याय आहे!" लेक म्हणाली.

"अन्याय नाही झाला, ताई. झाला असता तर मला काही करता आलं असतं." त्यांनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. "अपील करू शकता. दहा दिवसांची मुदत आहे. केलंत की खरेदी थांबते."

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"चार महिने. सहासुद्धा."

आठ मुलं सध्या सतरंजीवर निजून शिकत होती. काकांनी अर्ज जसा होता तसा परत सरकवला. लेकीने तोंड फिरवलं. साहेब दारापर्यंत सोडायला आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ते शेवटी एवढंच म्हणाले, "पायऱ्या जपून उतरा."

खुर्च्या वेळेवर आल्या. बाईंनी फोन केला म्हणून काका लेकीला घेऊन बघायला गेले. सांध्यांवर अंगठा फिरवून पाहिलं. कामात खोट नव्हती. जसं मागितलं होतं तसं बनवणाऱ्याने चोख केलं होतं. दोनतीन मुलं तर छान बसली होती.

चिमणी मात्र बसली नव्हती. सात वर्षांची ती पोर लहान खुर्चीत मावत नव्हती आणि मध्यम खुर्चीत तिचे पाय लोंबकळत होते. पाय टेकवायच्या पाटीपर्यंत ते पोचत नसल्यामुळे ती हळूहळू घसरायची, आणि पट्टा हनुवटीला लागला की गप्प राहायची.

"पाटी चार बोटं वर घ्यायची आहे, बस्स. दोन स्क्रू," काका म्हणाले. हात आपोआप खिशाकडे गेला.

"नको, काका." बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "तुम्ही हात लावलात की हमी संपते, आणि उद्या पडली तर जबाबदार मी. मी वर लेखी विचारलंय. पुढच्या निविदेच्या वेळी कळवा म्हणाले."

"पुढची कधी?"

"तीन वर्षांनी."

काकांनी आधी एक चादर घडी करून पायाखाली ठेवून पाहिली. ती सरकली. उशी ठेवली, तीही सरकली. वर्गात शिकवणाऱ्या ताई पाढे म्हणून घेत होत्या. काका खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी चिमणीची दोन्ही पावलं आपल्या तळहातांवर घेतली. पोरीचं अंग सावरलं. मान वर आली. तिने फळ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या मागून, अर्धा शब्द उशिरा, पाढा म्हणायला लागली.

काकांच्या हाताला मुंग्या आल्या, खांदा भरून आला, तरी ते हलले नाहीत. तास संपला. दुसरा सुरू झाला. दारातून लेक हळूच म्हणाली, "बाबा, निघायला हवं."

"हो," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिले. मग त्यांनी एक हात काढला, आणि मग दुसरा.