चंद्रावर ठेवलेला घरचा फोटो

आबा चंद्रावर जाऊन आले होते, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. भाजीवाला असो की दाताचा डॉक्टर, दुसऱ्या वाक्याला गाडी चंद्रावर जायचीच. त्यांची थोरली मुलगी तेवढ्यात पिशवी उचलून बाहेर जाऊन उभी राही. पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढणारा छोटा स्टुडिओ होता तिचा. आई गेल्यापासून आबांचं औषधपाणी, बिलं आणि बडबड तिच्याच वाट्याला आली होती. धाकटे दोघे भाऊ लांब राहून वडिलांचा अभिमान बाळगायचे. ते काम तसं सोपं असतं.

आता शहरातल्या मोठ्या दालनात आबांनी चंद्रावर काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. प्रदर्शन मांडणाऱ्या बाई घरी आल्या, टेबलावर फोटो पसरले गेले आणि कशाखाली काय लिहायचं ते ठरू लागलं. दगड, यंत्रं, सोबत्याच्या बुटांचे ठसे, धुळीवर पडलेली आबांची लांबच लांब सावली. आबा बोलत होते, बाई लिहून घेत होत्या. थोरली शेजारी बसली होती, आणि तिचा सगळा जीव एकाच फोटोत अडकला होता.

त्या फोटोत चंद्राची राखाडी धूळ होती आणि धुळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, एक घरचा फोटो. मागच्या अंगणातल्या बाकावर आबा, आई आणि धाकटे दोघे. आबांनी तो चंद्रावर ठेवला, त्याचा फोटो काढला आणि मूळ फोटो तिथंच सोडून परत आले. जगभर ते चित्र छापून आलं. 'चंद्रावर चौकोनी कुटुंब' असा मथळा एका पेपराने दिला होता. थोरली त्यात नव्हती, कारण तो घरचा फोटो तिने काढला होता.

झालं होतं असं. चंद्रावर कॅमेरा छातीवर बसवतात आणि त्याला डोळा लावायची सोय नसते; हेल्मेट घालून लावणार तरी कसा? नेम धरायचा तो अख्ख्या अंगाने. घरी सराव करा असं आबांना सांगितलं होतं, म्हणून ते छातीवर कॅमेरा बांधून घरभर हिंडायचे. फोटो धुऊन आले की सगळ्यांची मुंडकी गायब. आई म्हणायची, घरात खाटीक पोसलाय. शेवटी थोरलीच समोर उभी राहू लागली. आबा, मागे झुका. आबा, पायाची बोटं माझ्याकडे करा. खांदे नका फिरवू, कंबर फिरवा. शाळेतून आली की रोज हेच. पोरीने बापाला फोटो काढायला शिकवलं, हे अगदी अक्षरशः खरं होतं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, बसा सगळे, मी दाखवते. कॅमेरा आपल्या छातीला बांधला आणि एका फटक्यात चौघांना डोक्यांसकट टिपलं.

म्हणून 'चौकोनी कुटुंब' वाचून ती रडली नव्हती. तू दत्तक आहेस का, असं शाळेतल्या मुलींनी विचारलं तेव्हाही नाही. आबांनी मुद्दाम मी काढलेला फोटो नेला, अशी तिची समजूत होती, आणि ती तिने जन्मभर जपली. स्टुडिओ काढला तोही त्याच बळावर. आबांनी एकदा ते तोंडाने म्हणावं आणि फोटोखाली तिचं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं. मागून घेतलं की त्याची गोडी जाते म्हणून तिने कधी मागितलं नाही. मूर्खपणाच तो. न मागता देणाऱ्यांतले आबा नव्हतेच.

"आणि हा घरचा फोटो कोणी काढला?" बाईंनी विचारलं.

थोरलीने मान वर केली.

"मीच," आबा म्हणाले. "कॅमेरा कुंपणावर ठेवला, टायमर लावला आणि धावत येऊन बसलो."

"आबा, त्या कॅमेऱ्याला टायमर नव्हता."

"मग कोणी काढला?"

"मी."

आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. ते नाटक करत नव्हते हे तिला दिसलं, आणि त्यानेच ती जास्त खचली. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. असेल बुवा, असं पुटपुटून त्यांनी फोटो खाली ठेवला. मग तिने जे कधी विचारलं नव्हतं तेही विचारून टाकलं. शेजारच्या काकांनी आपल्या पाचही जणांचा फोटो काढला होता की. मग तो सोडून हाच का नेलात?

"त्यात माझे डोळे मिटले होते," आबा म्हणाले.

बाईंना कुठं बघावं कळेना. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि मग खाली काय लिहू म्हणून विचारलं. आबांनी सांगितलं, टायमरच राहू द्या. आजवर सगळीकडे माझंच नाव छापलंय, आता दुसरं आलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मग थोरलीकडे वळून, तुला चालेल ना, असं विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, लिहा बाई, टायमर.

आबांची कळी खुलली. "कोणी काढला ते जाऊ द्या हो," ते बाईंना म्हणाले. "आम्ही चौघं अजून तिथं आहोत, ते महत्त्वाचं. इथं सगळे मरतील, आम्ही तिथं तसेच."

हे ते प्रत्येक भाषणात म्हणत, आणि थोरली दर वेळी गप्प बसे. धंद्यातलीच ती, उन्हात रंगीत कागदाचं काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हाताऱ्याचं सुख कशाला हिरावून घ्या, म्हणून तिने ते पोटात ठेवलं होतं. आज तिला राग आला होता, आणि तो आवरावा असंही वाटेना.

"तिथं कोणी नाही, आबा," ती म्हणाली. "तिथलं ऊन म्हणजे भट्टी. हवा नाही, ढग नाही, आडोसा नाही. रंग तेव्हाच उडाले असणार. त्या पिशवीत आता नुसता पांढरा कागद आहे."

आबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली, म्हणजे त्यांनाही ते ठाऊक होतं. आबांनी फोटो पुन्हा हातात घेतला. आता ते आईबद्दल विचारतील, निदान धाकट्यांबद्दल तरी, असं थोरलीला वाटलं. अजूनही तिला तसं वाटलं.

"मीपण नाही?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीपण नाही," ती म्हणाली आणि टेबलावरचे फोटो गोळा करू लागली.